एकाच बाजारात दोन पावत्या: भेदभावाचा आयात कर आणि देशांनी घेतलेली हरकत

2025च्या दिवाळीनंतरची गोष्ट. जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावकडच्या एका जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव 8110 रुपये क्विंटल जाहीर झालेला, आणि खासगी व्यापारी त्याच्या बरंच खाली बोलत होते. ओलावा, कवडी, रंग, सगळी कारणं सांगून झाली आणि शेवटी एकजण म्हणाला, "ट्रम्पने टॅरिफ लावलं ना, त्यामुळे." त्यावर शेजारच्या ट्रॅक्टरवरचे आबा जे बोलले ते मला विसरता येत नाही. "त्यासनी त्यासना देशमा कर लावा, मंग आपला कापूसना भाव काबरं पडना?"

कर त्यांच्या देशात, मग आपल्या कापसाचा भाव का पडला, हा प्रश्न सरळ आहे, पण उत्तर वॉशिंग्टन, जिनिव्हा आणि ढाक्यावरून फिरून धरणगावला येतं. त्याच दिवसांत पेपरात आणखी एक वाक्य सारखं येत होतं: "भारताने तीव्र आक्षेप नोंदवला." आक्षेप नोंदवला म्हणजे कुणी, कुठे, कशावर? आणि नोंदवून काय मिळालं? दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्रच सोडवू.

कर लावला त्यांनी, भरतो कोण?

परदेशातून आलेला माल देशाच्या हद्दीत शिरताना त्यावर घेतला जाणारा कर म्हणजे आयात शुल्क. बातम्यांतलं टॅरिफ ते हेच. "अमेरिकेने भारतावर 50 टक्के टॅरिफ लावलं" असं ऐकलं की वाटतं, आपलं सरकार किंवा तिरुपूरचा कपड्यांचा कारखानदार अमेरिकेला पैसे मोजतो. तसं होत नाही. माल तिथल्या बंदरात उतरला की तो मागवणारा अमेरिकन व्यापारी आपल्याच सरकारला कर भरतो.

पण तो काही पदरमोड करत बसत नाही. थोडा बोजा गिऱ्हाइकावर टाकतो आणि उरलेला आपल्या कारखानदारावर. "भाव कमी कर, नाहीतर मी दुसरीकडून घेतो," असं सांगतो. यातला "दुसरीकडून" हा शब्द धरून ठेवा. सगळी गोम त्यातच आहे.

बामणोदच्या पाटीला वेगळी पावती

समजा, एका आठवडे बाजारात प्रत्येक पाटीमागे 20 रुपयांची पावती फाडतात. उद्या ती सगळ्यांना 50 केली, तर कुरकूर होईल. पण सगळ्यांचाच खर्च वाढला म्हणून वांग्याचा भाव थोडा चढेल, गिऱ्हाईक दोन शब्द बोलेल आणि घेईल. ज्याचा धंदा त्याच्याकडेच राहील.

आता दुसरा प्रकार बघा. बाकी सगळ्यांना 20ची पावती आणि बामणोदहून भरीताची वांगी घेऊन आलेल्या मावशीला मात्र 100ची. तिला भाव वाढवता येत नाही, कारण शेजारच्याच पाटीवर वांगी स्वस्त आहेत. भाव तसाच ठेवला तर हाती काही उरत नाही. दोन-तीन बाजार ती तोटा सोसेल, मग यायची बंद होईल. पुढच्या वर्षी तिची पावती पुन्हा 20 झाली तरी इतक्या वर्षांचं तिचं गिऱ्हाईक तोवर दुसऱ्या पाटीवर रुळलेलं असेल.

कर किती उंच आहे यापेक्षा शेजाऱ्याच्या आणि आपल्या करात फरक किती आहे, यानेच धंदा मोडतो. बहुतेक बातम्या उंची सांगतात, फरक सांगत नाहीत, आणि म्हणून त्या कळत नाहीत.

हेच आकड्यात मांडू. 7 ऑगस्ट 2025पासून अमेरिकेने भारतीय मालावर 25 टक्के जादा शुल्क लावलं, आणि रशियाचं तेल घेतो म्हणून 27 ऑगस्टपासून आणखी 25. मिळून 50. त्याच सुमारास बांगलादेश आणि व्हिएतनामवर हा जादा कर 20 टक्के होता, पाकिस्तानवर 19. समजा, एक शर्ट 500 रुपयांचा आहे. आधीपासूनचं मूळ शुल्क सगळ्यांनाच असतं, ते बाजूला ठेवू. आपला शर्ट अमेरिकेत 750ला पडतो आणि बांगलादेशचा 600ला. शिवण तीच, सूतही कदाचित आपल्याच रुईचं, कारण बांगलादेश आपल्याकडूनही रुई आणि सूत घेतो. पण दीडशे रुपयांची ही दरी कुठल्याच कारखान्याला घाम गाळून भरून काढता येत नाही. असे दर पुढे वाटाघाटींत वर-खाली होत राहतात, तेव्हा आकडे पाठ करण्यापेक्षा ही रीत समजून घेणं कामाचं.

असा भेदभाव करायला मनाई नाही का?

आहे. 30 ऑक्टोबर 1947 रोजी जिनिव्हात 23 देशांनी गॅट नावाच्या व्यापार करारावर सह्या केल्या. त्या 23 देशांत भारत होता. स्वातंत्र्य मिळून जेमतेम अडीच महिने झाले होते. त्या कराराचं पहिलंच कलम समान वागणुकीचं आहे. एका देशाला शुल्कात जी सवलत द्याल तीच बाकी सगळ्या सदस्यांना द्या. याला इंग्रजीत "मोस्ट फेवर्ड नेशन" म्हणतात आणि नावामुळे उलटाच समज होतो, की कुणीतरी लाडका देश आहे. खरा अर्थ असा, की कुणीच लाडका नाही, सगळ्यांना एकच पावती. 1 जानेवारी 1995 रोजी जागतिक व्यापार संघटना सुरू झाली आणि हा नियम तिच्याकडे आला.

अपवाद आहेत. दोन देशांनी मुक्त व्यापार करार केला, तर ते एकमेकांना शून्य शुल्क देऊ शकतात. श्रीमंत देश गरीब देशांना सवलत देऊ शकतात. आणि राष्ट्रीय सुरक्षेसाठी देशाला पावलं उचलता येतात. हा शेवटचा अपवाद म्हणजे शेताच्या कुंपणातलं खिंडार आहे. कशालाही सुरक्षा म्हटलं की आत शिरता येतं. 2025चा तो कर लावताना अमेरिकेने आपला 1977चा आणीबाणीच्या आर्थिक अधिकारांचा कायदाच वापरला होता.

केळीचं वीस वर्षांचं भांडण

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या माणसाला हा विषय समजावायला यापेक्षा चांगलं उदाहरण जगात नाही. भेदभावाच्या आयात करावरून जगात जे सगळ्यात लांबलेले वाद झाले, त्यातला एक केळीवरूनच होता.

1993च्या जुलैत युरोपने केळीच्या आयातीसाठी एकच पद्धत आणली. आफ्रिका, कॅरिबियन बेटं आणि पॅसिफिकमधल्या आपल्या जुन्या वसाहतींमधून ठरलेल्या कोट्यातली केळी शुल्काविना घ्यायची. लॅटिन अमेरिकेच्या केळीला मात्र 20 लाख टनांपर्यंत टनामागे 100 एकू (युरोच्या आधीचं युरोपचं हिशोबाचं चलन) आणि त्यावरच्या मालाला 850 एकू. शिवाय आयातीचे परवाने असे वाटले, की वसाहतींची केळी विकणाऱ्या युरोपीय व्यापाऱ्यांनाच त्यात मोठा वाटा मिळावा. केळी ती केळीच, पण कुठल्या मळ्यातून आली त्यावर पावती ठरणार.

इक्वेडोर, ग्वाटेमाला, होंडुरास, मेक्सिको आणि अमेरिका या पाच देशांनी तक्रार केली. अमेरिकेत केळी नावापुरतीच पिकते, तरी ती आली, कारण लॅटिन अमेरिकेतल्या केळीचा व्यापार अमेरिकन कंपन्यांच्या हातात होता. 1997मध्ये निकाल युरोपच्या विरोधात गेला. युरोपने पद्धत बदलली, पण तीही नियमात बसली नाही. मग 1999च्या एप्रिलमध्ये अमेरिकेला युरोपच्या वर्षाला 19 कोटी 14 लाख डॉलरच्या मालावर प्रत्युत्तराचा कर लावायची परवानगी मिळाली. तिने हँडबॅगा, सुती चादरी, बॅटऱ्या अशा मालावर 100 टक्के शुल्क लावलं. केळीशी काडीचाही संबंध नसलेले चादरी विणणारे आणि बॅगा शिवणारे त्यात भरडले गेले. चुकीची शिक्षा चूक करणाऱ्यालाच होते असं व्यापारात क्वचितच घडतं, हे इथे ध्यानात ठेवा. पुढे कापसाकडे येऊ तेव्हा लागेल.

शेवटी 2009च्या डिसेंबरमध्ये तोड निघाली. युरोपने लॅटिन अमेरिकेच्या केळीवरचं शुल्क टनामागे 176 युरोवरून टप्प्याटप्प्याने 114 युरोवर आणायचं कबूल केलं. कागदोपत्री वाद मिटला 8 नोव्हेंबर 2012 रोजी.

न्याय झाला म्हणून हायसं वाटावं, तर तेही पुरतं वाटत नाही. ज्या सवलती गेल्या त्या सेंट लुसिया, डोमिनिका अशा लहान बेटांवरच्या डोंगरउताराच्या शेतकऱ्यांच्या होत्या. एक-दोन एकरांच्या त्यांच्या बागा, आणि समोर लॅटिन अमेरिकेतले कंपन्यांचे अफाट मळे. समान पावतीचा नियम मला पटतो, पण त्या बेटांवरच्या माणसाच्या जागी मी असतो तर तो मला गोड लागला नसता.

हरकत नोंदवायची म्हणजे काय करायचं?

आता "आक्षेप नोंदवला" या वाक्याकडे येऊ. आपल्याकडे जमिनीचा फेरफार पडतो तेव्हा तलाठी नोटीस काढतो. पंधरा दिवसांत हरकत घेतली तर नोंद तक्रारीत जाते, सुनावणी लागते. गप्प बसलात तर नोंद प्रमाणित होते, आणि पुढे दहा वर्षांनी कोर्टात गेलात तर पहिला प्रश्न येतो, "तेव्हा हरकत का घेतली नाही?" देशांमध्येही गप्प बसणं हे बऱ्याचदा मान्य केल्यासारखंच धरलं जातं. म्हणून राजनैतिक निषेधाचं पहिलं काम समोरच्याला घाबरवणं हे नसतंच. आपण हे मान्य केलेलं नाही, एवढं दप्तरी लावणं हे ते काम.

त्याच्या पायऱ्या असतात. सगळ्यात मऊ पायरी म्हणजे राजदूताने परराष्ट्र खात्यात जाऊन तोंडी म्हणणं मांडणं, याला डेमार्श म्हणतात. त्यापुढे लेखी पत्र, नोट व्हर्बाल. या पत्रात "मी" किंवा "आम्ही" नसतं. "अमुक देशाचा दूतावास मंत्रालयास सादर अभिवादन करून कळवतो की" अशी सुरुवात असते आणि खाली पूर्ण सहीऐवजी आद्याक्षरं आणि शिक्का. त्याहून कडक म्हणजे समोरच्या देशाच्या राजदूताला बोलावून घेणं, किंवा सगळ्या जगाला ऐकू जाईल असं जाहीर निवेदन काढणं. शब्दही मोजूनमापून येतात. "चिंता" सौम्य, "खेद" त्याच्या वर, "निषेध" आणखी वर. "हक्क राखून ठेवतो" असं आलं, की पुढचं पाऊल टाकायची तयारी आहे असं समजावं.

2025च्या ऑगस्टमधली आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची दोन निवेदनं अशा नजरेने वाचण्यासारखी आहेत. 4 ऑगस्टच्या निवेदनात सांगितलं, की युरोप रशियाशी व्यापार करतोच, आणि अमेरिका स्वतः अणुभट्ट्यांसाठी युरेनियम हेक्साफ्लोराइड, वाहनांसाठी पॅलेडियम आणि शेतीसाठी खतं रशियाकडून घेते. 6 ऑगस्टला त्या जादा कराला अन्यायकारक, असमर्थनीय आणि अवाजवी म्हटलं. दोन्हींत जोर कराच्या उंचीवर नव्हता. इतरही तेच करत असताना दंड फक्त आम्हालाच का, हा मुद्दा होता. रशियाचं कच्चं तेल सगळ्यात जास्त चीन घेत होता, त्याच्यावर त्या कारणाचा दंड नव्हता. निवेदन वांग्याच्या पाटीबद्दलच बोलत होतं.

अशी हरकत घेता येणं हेही आपल्याला फुकट मिळालेलं नाही. 1896मध्ये इंग्रज सरकारने लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या दबावाखाली हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के उत्पादन कर बसवला, तेवढाच जेवढा विलायती कापडावर आयातीचा होता. खानदेशचा कापूस, इथल्याच कामगाराने विणलेलं कापड आणि त्यावर विलायती मालाशी बरोबरी साधायला मुद्दाम लावलेला कर. तो 1925च्या अखेरपर्यंत चालू राहिला. सभा झाल्या, अर्ज झाले. पण देश म्हणून हरकत घ्यायला आपला राजदूतच नव्हता. सातबाऱ्यावर नावच नव्हतं.

नुसत्या कागदाने काय होतं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. कधी काहीच होत नाही, हे आधीच कबूल करतो. पण कागदाशिवाय पुढचं दार उघडत नाही. जागतिक व्यापार संघटनेत आधी दोन्ही देशांनी बोलणी करायची. साठ दिवसांत तोडगा निघाला नाही तरच पंचमंडळ मागता येतं.

भारताने हे करून दाखवलं आहे. युरोपने बारा देशांना अमली पदार्थांविरुद्धच्या लढ्याच्या नावाने शुल्कात खास सवलत दिली होती. त्यात पाकिस्तान आला आणि आपल्या कापडाला युरोपात जास्त शुल्क, पाकिस्तानच्या कापडाला कमी, असं झालं. भारताने 2002मध्ये तक्रार केली आणि 2004मध्ये जिंकली. निकालात म्हटलं, गरीब देशांमध्येही फरक करायचा तर निकष सगळ्यांना खुले हवेत, आधीच ठरवलेली बंद यादी चालणार नाही. युरोपला पद्धत बदलावी लागली. नव्या पद्धतीत निकष पूर्ण करून पाकिस्तानने 2014पासून सवलत पुन्हा मिळवली हेही खरं, पण तेव्हा ती लिहिलेल्या नियमाने मिळाली.

आज अडचण वेगळी आहे. संघटनेचं अपील मंडळ डिसेंबर 2019पासून बंद पडलेलं आहे, कारण अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवून धरल्या. खाली निकाल लागला आणि हरणाऱ्याने अपील केलं, की प्रकरण हवेत लटकतं. कोर्ट आहे, पण वरच्या कोर्टात न्यायाधीश नाहीत.

आपण काय वेगळं करतो?

हा आक्षेपही रास्त आहे. भारताचे दर बऱ्याच देशांपेक्षा उंच आहेत. पण उंच असणं आणि भेदभावाचं असणं या दोन गोष्टी वेगळ्या. करार नसलेल्या सगळ्यांना आपण सहसा एकच उंच पावती देतो.

भेदभावही केला आहे. पुलवामानंतर फेब्रुवारी 2019मध्ये पाकिस्तानचा समान वागणुकीचा दर्जा काढून घेतला आणि त्याच्या सगळ्या मालावर 200 टक्के शुल्क लावलं. तिथे आपणही सुरक्षेचाच अपवाद धरला. मला तो निर्णय समजतो. पण ते खिंडार दुसऱ्याने वापरलं की आपल्याला टोचतं, आणि आपणही त्यातून गेलो आहोत, एवढं प्रामाणिकपणे मान्य केल्याशिवाय या विषयावर बोलू नये असं मला वाटतं.

मग जशास तसं का नाही?

तेही केलेलं आहे. अमेरिकेने 2018मध्ये पोलाद आणि ॲल्युमिनियमवर जादा शुल्क लावलं. जून 2019मध्ये भारताला गरीब देश म्हणून मिळणारी शुल्कसवलत काढून घेतली. त्याच महिन्यात आपण 28 अमेरिकन वस्तूंवर जादा शुल्क बसवलं. त्यात बदाम, अक्रोड, सफरचंद, हरभरा आणि मसूर होते. सफरचंदाचा कर 50वरून 70 टक्क्यांवर गेला. या वस्तू उगाच निवडल्या नव्हत्या. जिथला शेतकरी आरडाओरडा करेल आणि त्याच्या खासदाराला ऐकावं लागेल, अशाच वस्तू प्रत्युत्तरासाठी काढतात. जळगावच्या डाळ मिलवाल्याला अमेरिकेचा मसूर महागला तरी कॅनडा-ऑस्ट्रेलियाचा होताच, म्हणून इथे फारसं जाणवलं नाही. बदाम-अक्रोडाच्या गिऱ्हाइकाला जाणवलं. चार वर्षांनी, 2023मध्ये दोन्ही देशांनी जागतिक व्यापार संघटनेतले सहा वाद मिटवले आणि या मालावरचं जादा शुल्क गेलं.

2025च्या मे महिन्यातही भारताने पोलादाच्या करावरून सवलती मागे घेण्याचा हक्क राखून ठेवत असल्याचं संघटनेला लेखी कळवलं. कर लगेच लावला नाही. ज्याला आपण जास्त विकतो आणि ज्याच्याकडून कमी घेतो त्याच्याशी जशास तसं करताना आपलंच जास्त दुखतं, हे साधं गणित त्यामागे आहे.

आणि आता आबांचा कापूस

आपल्या तयार कपड्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. तिथे आपला शर्ट 750 आणि ढाक्याचा 600 झाला, की ऑर्डर ढाक्याला जाते. कापड उद्योग सरकारकडे गेला: अमेरिकेचा कर आपल्या हातात नाही, निदान कच्चा माल तरी स्वस्त करा. परदेशी कापसावर आपण 11 टक्के शुल्क घेत होतो. 2025च्या 19 ऑगस्टपासून ते माफ झालं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत. 27 ऑगस्टला अमेरिकेचा 50 टक्के कर लागू झाला आणि दुसऱ्याच दिवशी आपली ही माफी 31 डिसेंबरपर्यंत वाढली.

ऑक्टोबर ते डिसेंबर म्हणजे खानदेशात वेचणीचा आणि विक्रीचा हंगाम. नेमक्या त्याच तीन महिन्यांत बाहेरच्या रुईला वेशीवर पावती नव्हती. गिरणीवाल्याला बाहेरून स्वस्त गाठी मिळू शकतात एवढं कळलं, की जिनिंगच्या फाटकावरचा भाव दबतो. प्रत्यक्षात किती गाठी आल्या हा पुढचा हिशोब. भावाला कारणं आणखीही होती, पाऊस होता, जगभरातल्या कापूसबाजारातली मंदी होती. पण केळीच्या भांडणात चादरी विणणाऱ्याचं जे झालं तेच इथे कापूस पिकवणाऱ्याचं झालं. दंड रशियाच्या तेलाचा, आणि त्याचा एक हप्ता भरला तो धरणगावच्या फाटकावर.

कापड गिरण्या बंद पडू नयेत हे मलाही कळतं. तिथेही माणसंच काम करतात. पण तो बोजा उचलायला सरकारच्या तिजोरीतून निर्यातदाराला मदत देता आली असती, किंवा माफीची मुदत वेचणीच्या आधी संपवता आली असती. दोन्ही न करता तो सगळ्यात कमी आवाज असलेल्या माणसावर टाकला, हे मला चुकीचंच वाटतं.

हे सगळं मी नंतर एका संध्याकाळी आबांच्या ओट्यावर बसून सांगितलं. फेरफाराची गोष्ट त्यांना लगेच पटली. बांधाच्या वादात त्यांनी स्वतः दोनदा हरकत घेतलेली आहे. थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, "मंग आपली हरकत कोठे लिखानी?"

मी त्यांना खरं ते सांगितलं. शुल्कमाफीची अधिसूचना सीमाशुल्क कायद्याखाली निघते आणि लगेच लागू होते. ती काढण्याआधी शेतकऱ्याला नोटीस जात नाही, आणि हरकतीचे ते पंधरा दिवस त्या कायद्यात कुठेच नाहीत.